बेळगावच्या गच्चीवरून आयनांबर मोजायचं कसं

२०१४ च्या एप्रिलमधली गोष्ट. खानापूर तालुक्यातल्या एका गावी दोन भावांच्या वाटणीचा कच्चा नकाशा करायला गेले होते. दुपारचे अडीच-तीन वाजलेले. आंब्याखालच्या हद्दीच्या दगडावर हातातला जीपीएस ठेवून रीडिंग घेतलं, त्याला धरून बांधाची रेघ काढली, फक्की टाकली आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तोच जीपीएस त्याच दगडावर ठेवला, तर जागा चार मीटर उत्तरेला आणि उंची नऊ मीटर खाली. थोरला भाऊ शेजारीच उभा होता. म्हणाला, ‘ताई, दगड तर हाललेला नाही. मग हाललं काय?’

बांध शंभर मीटरचा होता. शंभर गुणिले चार म्हणजे चारशे चौरस मीटर, जवळजवळ चार गुंठे. माझे वडील ३३ फुटी साखळीने मोजणी करायचे. त्या साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा. चार गुंठ्यांची चूक त्यांच्या हातून कधी झाली नसती. मी त्या दिवशी दोघा भावांसमोर सगळी फक्की पुसली आणि नकाशा मागे घेतला. ‘हाललं काय’ याचं उत्तर शोधण्यात पुढची काही वर्षं गेली. ज्यांच्याकडे साधा एका फ्रिक्वेन्सीचा रिसीव्हर आहे आणि जे आपल्या भागात, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडे काम करतात, त्यांच्यासाठी ते उत्तर कामाच्या पद्धतीसकट लिहिते आहे.

हाललं होतं ते आयनांबर. जमिनीपासून साधारण ६० किलोमीटरच्या वर उन्हामुळे हवेच्या कणांतले इलेक्ट्रॉन सुटे होतात, आणि सगळ्यात दाट थर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास असतो. या सुट्या इलेक्ट्रॉनांतून येताना जीपीएसचा कोड, म्हणजे ज्याच्यावरून रिसीव्हर उपग्रहाचं अंतर मोजतो तो संकेत, रेंगाळतो. किती रेंगाळतो त्याचा हिशेब सोपा आहे: मीटरमधला विलंब म्हणजे ४०.३ गुणिले वाटेतले एकूण इलेक्ट्रॉन, भागिले फ्रिक्वेन्सीचा वर्ग. एकूण इलेक्ट्रॉन म्हणजे टीईसी. एक चौरस मीटर जाडीच्या खांबात १० चा १६ वा घात इतके इलेक्ट्रॉन असले की त्याला एक युनिट म्हणायचं. जीपीएसच्या एल-१ वर, म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, एका युनिटमागे १६.२ सेंटिमीटर विलंब होतो. एल-५ वर, ११७६.४५ मेगाहर्ट्झवर, २९.१ सेंटिमीटर. हे दोन आकडे पाठ करून ठेवा, पुढचं सगळं काम त्यांच्यावर चालतं.

समजा दुपारी डोक्यावर ६० युनिट आहेत. मग सरळ वरच्या उपग्रहाचा विलंब पावणेदहा मीटर झाला. क्षितिजाजवळ दहा अंशांवर असलेल्या उपग्रहाची किरणं तिरकी येतात, थरातून पावणेतीन पट वाट तुडवतात, म्हणजे २६-२७ मीटर. सगळ्या उपग्रहांचा विलंब सारखाच असता तर तो रिसीव्हरच्या घड्याळाच्या चुकीत मुरून गेला असता आणि जागा बरोबर आली असती. तो सारखा नसतो, म्हणून जागा सरकते. उंचीला सर्वांत जास्त मार बसतो, कारण उपग्रह सगळे वरच असतात, पायाखालून एकही नाही.

मग जीपीएसमध्ये याची सोय नसते का? असते. प्रत्येक उपग्रह आठ गुणांक पाठवत असतो आणि रिसीव्हर त्यांवरून क्लोबुचर मॉडेल, म्हणजे या विलंबाचा अंदाज बांधणारं गणित, चालवतो. हे मॉडेल रात्रभर पाच नॅनोसेकंद, म्हणजे दीड मीटर, इतका ठरावीक विलंब धरतं. दिवसा त्यावर कोसाइनचा एक उंचवटा चढवतं आणि त्याचा माथा स्थानिक वेळेनुसार दुपारी दोनला ठेवतं. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, मिर्झापूरजवळचं. बेळगाव ७४.५ अंशांवर. आठ अंशांचा फरक म्हणजे ३२ मिनिटं. म्हणून आपल्याकडे हा माथा घड्याळात दोन वाजून बत्तीस मिनिटांनी येतो. मी दगडावर जीपीएस ठेवला होता तो नेमका याच वेळेला.

हे मॉडेल साऱ्या जगासाठी आठ आकड्यांत बसवलेलं आहे. सरासरीने ते निम्मी चूक काढतं, आणि एवढ्या थोडक्या सामानात ते फार मोठं काम आहे. पण आपण राहतो ती जागा सरासरीची नाही. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जातं. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिलं रॉकेट उडवायला थुंबा निवडलं गेलं ते त्याचसाठी. तिथे दिवसा विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या जोराने इलेक्ट्रॉन वर उचलले जातात आणि कारंज्यासारखे चुंबकीय रेषांवरून दोन्ही बाजूंना खाली उतरतात. त्यामुळे दाट पट्टा विषुववृत्तावर न राहता गुजरात-मध्य प्रदेशाकडे पडतो. आपण त्या उतारावर बसलो आहोत. दक्षिणेला पाहिलं तर एक आकडा, उत्तरेला पाहिलं तर दुसरा.

हे नुसतं बोलून समजत नाही, म्हणून मी नकाशावर टिंबं काढून पाहिली. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात उभं राहायचं. दक्षिणेला ४० अंशांवर एक उपग्रह आहे. हिशेबासाठी सगळं आयनांबर साडेतीनशे किलोमीटर उंचीच्या एका पातळ कवचात आहे असं धरायचं. त्याचा किरण हे कवच जिथे छेदतो ती जागा आपल्यापासून साडेतीन अंश दक्षिणेला येते, १२.४ अक्षांशावर, कासरगोडच्या पश्चिमेला समुद्रावर. उत्तरेच्या ४० अंशांवरच्या उपग्रहाचा छेदबिंदू १९.३ वर, अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या जरा वर. पाय येळ्ळूरच्या चिखलात, आणि हिशेबात मात्र कासरगोड आणि नगर! दुपारनंतर या दोन ठिकाणच्या युनिटांत मोठी तफावत पडू शकते. माझी उत्तर-दक्षिण चार मीटरची चूक तिथून आली होती.

आता प्रत्यक्ष काम. तुमच्याकडे निदान एक रिसीव्हर दोन फ्रिक्वेन्सींचा आणि कच्ची मापं साठवणारा हवा. एल-१ आणि एल-५ असा. हल्ली असे बोर्ड पूर्वीच्या मानाने फार स्वस्त मिळतात. काही फोनही दोन फ्रिक्वेन्सी घेतात आणि अँड्रॉइड ७ पासून कच्ची मापं देतात, पण फोनच्या अँटेनाने मला समाधान मिळालं नाही. तो शिकायला वापरा, कामाला नको. जीपीएसच्या सगळ्या उपग्रहांवर एल-५ नाही. पण युरोपच्या गॅलिलिओ यंत्रणेच्या सगळ्या उपग्रहांवर त्याच फ्रिक्वेन्सीचा सिग्नल आहे, त्यामुळे संख्या पुरते.

माझी अँटेना बेळगावातल्या शहापूरच्या घराच्या गच्चीवर आहे. पहिल्यांदा ती पाण्याच्या टाकीशेजारी बसवली होती. टाकीवरून परावर्तन होऊन रोज ठरावीक वेळेला एक उपग्रह खोटं सांगायचा. अँटेना तिथून काढून जिन्याच्या खोलीच्या छतावर, चारही बाजूंना मोकळं आभाळ मिळेल अशी बसवली, तेव्हा आकडे शहाण्यासारखे वागू लागले. २४ तासांचं रेकॉर्डिंग, ३० सेकंदांना एक माप, एवढं पुरे. ती फाइल रायनेक्समध्ये, म्हणजे सगळ्या सॉफ्टवेअरना वाचता येणाऱ्या साच्यात, बदलून घ्या. तोमोजी ताकासू यांनी लिहिलेलं आरटीकेलिब मोफत आहे आणि हे काम तेच करतं.

मग प्रत्येक उपग्रहासाठी एल-५ च्या अंतरातून एल-१ चं अंतर वजा करायचं. उपग्रह तोच, वाट तीच, घड्याळ तेच, म्हणून बाकी सगळं कटतं आणि आयनांबर उरतं. पावसाळी हवेचा विलंबसुद्धा दोन्ही फ्रिक्वेन्सींना सारखाच असतो, तोही निघून जातो. (जुलैत आमच्याकडे सगळे विचारतात, एवढ्या पावसात जीपीएस बिघडतं का? ढग दहा-पंधरा किलोमीटरांत संपतात. आयनांबर त्यांच्या कितीतरी वर आहे आणि त्याला पावसाची खबरही नसते.) उरलेल्या फरकाच्या प्रत्येक मीटरला ७.७६ ने गुणलं की युनिट मिळतात. कोडचं माप थरथरतं, म्हणून कॅरियर फेजच्या, म्हणजे कोड वाहून आणणाऱ्या लहरीच्या मापाच्या, फरकाने ते गुळगुळीत करून घ्या. कॅरियर गुळगुळीत असतो पण त्याचा आरंभबिंदू माहीत नसतो, कोडला आरंभ माहीत असतो पण तो खडबडीत. दोघांना एकत्र बसवायचं. एक ध्यानात ठेवा, आयनांबरात कोड जितका मागे पडतो तितकाच कॅरियर पुढे सरकतो, म्हणून चिन्ह उलटं घ्या. मी पहिल्या खेपेला हे चुकले होते आणि दुपारी बाराला युनिटं घसरताना पाहून दोन रात्री जागले.

यापुढची पायरी सर्वांत अवघड आहे आणि घाई करणारे इथेच फसतात. उपग्रहाच्या आणि रिसीव्हरच्या आतल्या वायरिंगमुळे दोन फ्रिक्वेन्सी थोड्या वेगळ्या वेळेला बाहेर पडतात. एका नॅनोसेकंदाचा फरक म्हणजे ३० सेंटिमीटर, म्हणजे दोन युनिटांहून जास्त खोटेपणा. उपग्रहांचे असे फरक आंतरराष्ट्रीय केंद्रं रोज मोजून फुकट देतात, ती फाइल उतरवून घ्या आणि वजा करा. आपल्या रिसीव्हरचा फरक आपणच काढायचा. त्यासाठी पहाटे चार ते पाचची वेळ धरा. रात्रभर इलेक्ट्रॉन विरत जातात आणि या वेळेला आभाळ सर्वांत रिकामं असतं. पाचनंतरचं घेऊ नका. जमिनीवर सूर्य उगवायच्या सव्वा तास आधीच साडेतीनशे किलोमीटर उंचीवर ऊन पडलेलं असतं. या तासाभरात सगळ्या उपग्रहांचे आकडे सरळ वरच्या दिशेचे करून पाहा. रिसीव्हरचा फरक नीट धरला असेल तर ते एकमेकांजवळ येतात. जास्त धरला तर काही शून्याखाली जातात, आणि इलेक्ट्रॉन तर शून्याखाली जाऊ शकत नाहीत. पाव-पाव मीटरने फरक बदलत जा, ज्या आकड्याला सगळे सर्वांत घट्ट एकत्र येतील तो घ्या.

तिरक्या वाटेचं सरळ करायला प्रत्येक उपग्रहाच्या उंचीच्या कोनाप्रमाणे भागाकार येतो. ४० अंशांना १.४५, ३० अंशांना १.७५, दहा अंशांना २.८. मी २५ अंशांखालचे उपग्रह मॉडेल बनवताना घेतच नाही. एक उदाहरण कागदावर करून पाहा. दक्षिणेचा तोच ४० अंशांवरचा उपग्रह, सगळे फरक वजा केल्यावर एल-५ आणि एल-१ मधलं अंतर ११.३ मीटर. ७.७६ ने गुणलं की ८८ युनिट तिरक्या वाटेवर. १.४५ ने भागलं की कासरगोडच्या समुद्रावर सरळ ६१ युनिट. आणि एल-१ वर या उपग्रहाचा विलंब ८८ गुणिले ०.१६२, म्हणजे सव्वाचौदा मीटर.

असे दहा-बारा उपग्रहांचे दहा-बारा छेदबिंदू दर पाच मिनिटांना हातात येतात. त्यांवर एक चादर अंथरायची. बेळगावच्या डोक्यावरचा आकडा, उत्तर-दक्षिण उतार, पूर्व-पश्चिम उतार, आणि उत्तर-दक्षिणेचा बाक, एवढे चार अज्ञात, लघुतम वर्गांच्या रीतीने, म्हणजे उरलेल्या चुकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी येईल असे काढायचे. पुस्तकांत बहुधा पहिल्या तिघांवर भागवतात. चौथा, म्हणजे बाक, मी मुद्दाम घालते, कारण आपल्या उत्तरेला तो दाट पट्टा आहे आणि सपाट चादर तिथपर्यंत पोचत नाही. बाक घातल्यावर नगरच्या बाजूच्या उपग्रहांची उरलेली चूक माझ्या गच्चीवर दुपारी स्पष्ट कमी झाली. पण सकाळी सातला उपग्रह कमी असतील तर बाक काढून टाका, नाहीतर चादर काठांवर उगाच उसळते.

ही चादर घेऊन साध्या, एका फ्रिक्वेन्सीच्या रिसीव्हरकडे जायचं. त्याच्या प्रत्येक उपग्रहाचा छेदबिंदू काढा, चादरीवरून तिथलं युनिट वाचा, तिरकेपणाने गुणा, ०.१६२ ने गुणा, आणि मापातून वजा करा. बेळगावपासून खानापूर २५-२६ किलोमीटर, निपाणी ७५ च्या घरात. आयनांबराच्या दृष्टीने हे सगळं एकच आवार आहे, एक गच्ची सर्वांना पुरते.

चादर खरी आहे की नाही हे तपासल्याशिवाय शेतात जाऊ नका. मी रोज एक उपग्रह बाजूला काढते, बाकीच्यांवरून चादर करते, आणि बाजूला काढलेल्याचा आकडा ती किती बरोबर सांगते ते बघते. पाच युनिटांच्या आत सांगितला तर ठीक. दहाच्या पुढे गेला तर त्या दिवशी कच्चं कामसुद्धा करत नाही.

गच्ची, अँटेना, हे सगळं जमणार नसेल तर आरटीकेलिबमध्ये आयनांबराच्या पर्यायात ‘एसबीएएस’ निवडून गगन, ही उपग्रहावरून दुरुस्त्या पाठवणारी आपली यंत्रणा, वापरा. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांनी ते विमानांसाठी उभारलं. ते पाच-पाच अंशांच्या जाळीच्या गाठींवर विलंब कळवतं. बेळगावच्या चौकटीची एक गाठ १५ अक्षांश ७५ रेखांशावर, म्हणजे मुंडगोडच्या डोक्यावर. दुसरी २० आणि ७५ वर, वेरूळजवळ. उरलेल्या दोन अरबी समुद्रावर. बेळगावच्या अगदी डोक्यावरच्या बिंदूसाठी मुंडगोडच्या गाठीचा वाटा ७५ टक्के येतो, वेरूळचा १५, आणि बाकीचं समुद्राकडून. बऱ्याच रिसीव्हरांत गगन आधीच असतं, फक्त चालू करायचं राहिलेलं असतं. ‘आयोनेक्स’ हा जागतिक नकाशांचा पर्यायही आहे, पण त्याचे अंतिम नकाशे काही दिवसांनी येतात, घरी बसून करायच्या हिशेबाला ते चांगले.

दोन फ्रिक्वेन्सींचा रिसीव्हरच शेतात नेला तर मॉडेल कशाला, असं विचारलं जातं. दोन मापं २.२६ आणि १.२६ ने गुणून वजा केली की आयनांबर जवळजवळ पूर्ण जातं, हे खरं. पण मापाचा खडखडाट अडीच पटीने वाढतो. आणि माझ्या मदतनिसांकडचे चारही रिसीव्हर एका फ्रिक्वेन्सीचे आहेत. ऊसाच्या मळ्यात मातीच्या नमुन्याच्या जागा टिपायला चांगलं मॉडेल असलेला साधा रिसीव्हर पुरेसा होतो.

बांधाला मात्र पुरत नाही. सगळं नीट केलं तरी या पद्धतीची चूक मीटर-दीड मीटर राहते, आणि मीटरभराने भाऊ-भाऊ कोर्टात जातात. बांधासाठी बेस (एका जागी ठेवलेला रिसीव्हर) आणि रोव्हर (हातात फिरवायचा), कॅरियर फेजवर, बेस पाच किलोमीटरच्या आत. इतक्या जवळ दोघांच्या वर जवळजवळ तेच आयनांबर असतं आणि वजाबाकीत निघून जातं. खानापूरच्या त्या दगडावर मी पुढे तसंच केलं. गावच्या देवळाच्या कट्ट्यावर बेस, एक रीडिंग सकाळी आठला, एक दुपारी अडीचला, दोन्हीत फरक दोन सेंटिमीटर. दोन्ही वेळेला दोघा भावांना स्क्रीन दाखवली. धाकट्याने आकडे स्वतःच्या वहीत उतरवून घेतले.

बेस जवळ असला तरी एका वेळेला काहीच चालत नाही. सूर्य मावळला की चुंबकीय विषुववृत्ताकडे खालच्या विरळ थरातून बुडबुडे वर येतात, शेकडो किलोमीटर उंच चढतात आणि आपल्या आभाळात पसरतात. त्यांतून येणारा सिग्नल लुकलुकतो. साधारण सातपासून मध्यरात्रीपर्यंत. हे सर्वांत जास्त शिमग्यापासून एप्रिल अखेरपर्यंत आणि पुन्हा नवरात्राच्या आगेमागे होतं, कारण तेव्हा दिवस-रात्र समान असतात. सूर्यावर डाग वाढले की आणखी. ऑक्टोबर २०२४ मध्ये नासा आणि नोआ (अमेरिकेची सागर व हवामान संस्था) यांनी सौरचक्र कमालीवर पोचल्याचं जाहीर केलं, आणि उतरतीची वर्षंही शांत नसतात. रिसीव्हरच्या पडद्यावर एखाद्या उपग्रहाची ताकद काही सेकंदांत वर-खाली उड्या मारू लागली तर तो उपग्रह हिशेबातून काढा. तीन-चार असे दिसले तर त्या संध्याकाळचं कुठलंही मॉडेल कामाचं नाही. मार्च-एप्रिलमध्ये आमची पेटी पावणेसातला बंद होते, मालक कितीही म्हणाला की अजून उजेड आहे.

मोठं सौरवादळ असेल तर दिवसाही तेच. १० मे २०२४ च्या रात्रीचं वादळ सर्वोच्च दर्जाचं होतं, तसं २००३ नंतर पहिल्यांदाच झालं, आणि अमेरिकेत पेरणीच्या हंगामात उपग्रहांवर चालणारे ट्रॅक्टर शेतात थांबले. निघण्याआधी केपी निर्देशांक, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ शून्य ते नऊ अशी सांगणारा आकडा, बघायची सवय लावा. सहाच्या वर असेल तर तारीख पुढे ढकला आणि मालकाला कारण सांगा. कारण सांगितलं की माणसं ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

गच्चीवरची केबल, अँटेना किंवा रिसीव्हरचं सॉफ्टवेअर बदललं की रिसीव्हरचा तो आतला फरक बदलू शकतो. पहाटे चार ते पाचचं काम पुन्हा करा. माझ्याकडे केबल एकदा खारीने कुरतडली होती. नवीन केबल घेतली, जुना आकडा तसाच ठेवला, आणि आठवडाभर सगळ्या चादरी वर बसल्या. तेव्हापासून वहीत केबलची लांबी, लावल्याची तारीख आणि त्या पहाटेचा आकडा असं एका ओळीत लिहिते.